तिसऱ्या गोलकीपरची जागा

१९ मे

संपला एकदाचा हंगाम! शेवटचा सामना ०-३. तिन्ही गोल आरशाच्या डोक्यावरून. आरसा म्हणजे आमचा पहिला गोलकीपर. पेनल्टी अडवायला जाण्याआधी केस नीट करणारा जगातला एकमेव माणूस. मोठ्या क्लबात चाललाय म्हणे. जाऊ दे, तिथेही काचा असतीलच.

मी बाकावर. अंगात जाकीट, हातात मोजे. अकरा वर्षांत चौदा सामने! छत्तिसावं लागलं. तीस जूनला करार संपतो. आणखी एक वर्ष मिळालं की बारा पुरी होतील आणि मग मी स्वतःच्या पायांनी बाहेर पडेन. कुणी हाकलायच्या आत. एवढंच मागणं आहे माझं या क्लबाकडे. फार नाही.

२१ मे

आज हंगाम-अखेरची मुलाखत. दरवर्षी प्रत्येकाला दहा मिनिटं आत बोलावतात. पूर्वी म्हातारे संचालक असायचे. ते चहा पाजायचे, पाठीवर थाप मारायचे आणि दोन आठवड्यांनी नारळ द्यायचे. आता नवा आलाय, टक्केवारी. वय असेल चौतीस. आयुष्यात चेंडू फक्त पडद्यावर पाहिलेला. बोलतो ते सगळं टक्क्यांत. ‘तुमचे सरावातले अडवलेले फटके एकसष्ट टक्के.’ म्हटलं, आणि उरलेले? तर म्हणे, ‘एकोणचाळीस.’ धन्य!

मास्तर, म्हणजे आमचे प्रशिक्षक, शेजारी बसलेले. तोंडात गुळणी धरल्यासारखे. नोकरी त्यांचीही टांगलेली, त्यामुळे टक्केवारी हसला की हे हसतात.

मग टक्केवारीने माझं सोडून लोणीबद्दलच, म्हणजे आमच्या दुसऱ्या गोलकीपरबद्दल, विचारायला सुरुवात केली. गोलकीपरांचा कोच डिसेंबरातच सोडून गेला, तेव्हापासून लोणीला मीच राबवतोय. फुकट. ‘तुम्ही त्याला रोज पाहता. ठेवावा का? स्पष्ट बोला. आतली गोष्ट आत राहील.’

बोललो स्पष्ट! उंच चेंडूवर अर्धा बाहेर येतो आणि थबकतो. ‘माझा!’ म्हणून ओरडतो आणि बचावपटूला देऊन टाकतो. अठ्ठावीस वर्षांचा झाला, आता काय शिकणार? हातांना लोणी लावून जन्माला आलाय. टक्केवारी भराभर लिहीत होता.

शेवटी विचारतो, ‘समजा ठेवला, तर त्याच्याबरोबर काम कराल?’ मी म्हटलं, ‘सर, त्यापेक्षा भिंतीवर चेंडू मारीन. भिंत निदान परत तरी देते.’

मास्तरसुद्धा हसले. बाहेर पडताना मला एकदम तरतरी आली होती.

२२ मे

बायकोला भिंतीचा विनोद सांगितला. हसली नाही. कुकराखालचा गॅस बंद केला. मग म्हणाली, ‘तुला तुझ्याबद्दल बोलायला बोलावलं होतं ना? मग त्या बिचाऱ्याच्या पोटावर कशाला पाय दिलास?’

म्हटलं, विचारलं म्हणून सांगितलं. खरं तेच सांगितलं.

‘खरं बोलायची एवढी हौस असेल तर त्याच्या तोंडावर बोलायचं.’

हिला फुटबॉलमधलं काय कळतं! शाळेत गणित शिकवते, म्हणून तिला वाटतं सगळ्या जगाचा हिशेब हिच्याकडे आहे.

२३ मे

या वहीत तरी खरं लिहावं. तिघांपैकी आरसा जाणार. लोणीही गेला तर जुना, खात्रीचा, घरचा माणूस म्हणून उरतो कोण? मी. हे बोलताना माझ्या डोक्यात होतं. नव्हतं असं नाही.

पण तो उंच चेंडू सोडतो हेही खरंच आहे.

२९ मे

लोणीचा फोन. सुट्टीतही गप्प बसवत नाही याला. ‘दादा, तुम्ही सांगितलेला दोरीवरचा व्यायाम रोज करतोय. दादा, उजवा पाय आधी टाकायचा ना?’ पाच महिने सांगतोय, डावा! माझं प्रत्येक वाक्य एका निळ्या वहीत लिहितो. मी शिंकलो तर तेही लिहील.

फोन ठेवता ठेवता म्हणतो, ‘तुमच्या कराराचं टेन्शन घेऊ नका हं. मी आहे ना!’

मी आहे ना! स्वतःच्या हातात चेंडू राहत नाही आणि हा मला सांभाळणार. हसून हसून पाठ धरली. मुलीला नक्कल करून दाखवली. तिला मात्र लोणी आवडतो, कारण तिच्या वाढदिवसाला तो एकटाच आठवणीने आला होता. फुकटचा केक खायला, दुसरं काय!

२ जून

खालच्या विभागातल्या एका क्लबाच्या चिटणिसाचा फोन. दोन तासांच्या अंतरावरचं गाव. ‘आम्हाला अनुभवी माणूस हवाय. पहिला गोलकीपर म्हणून. पुढे कोचिंगही बघा.’ बोलताना मागे कुत्रं भुंकत होतं. यांचं ऑफिस बहुधा चिटणिसाच्या अंगणातच असावं. मैदानाला एकाच बाजूला बाक आहेत, मी खेळलोय तिथे. कपडे बदलायच्या खोलीत एकच नळ.

दहा तारखेपर्यंत कळवा म्हणाले. बघतो म्हटलं.

बायको: ‘पहिला गोलकीपर! अरे, मग बघतो काय?’

तिला काय सांगू? बाकावर बसलो तरी तो वरच्या विभागातला बाक आहे.

६ जून

आजचा दिवस वसूल!

आमच्याकडे एक गंमत आहे. कोण राहणार आणि कोण जाणार, ही यादी क्लब वीस जूनला जाहीर करतो. पण जर्सी शिवून यायला सहा आठवडे लागतात. म्हणून कुठले नंबर शिवायचे हे किटवाल्या काकांना पंधरा दिवस आधीच कळवावं लागतं. खेळाडूंना पत्ता नसतो, एजंट रात्रंदिवस फोन घुमवत असतात आणि सगळ्यांचं भवितव्य धुलाई मशीनच्या शेजारी पिवळ्या कागदावर चिकटवलेलं असतं. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांना अचानक काकांच्या गुडघेदुखीची काळजी वाटू लागते. परवा आमचा तो गर्विष्ठ स्ट्रायकर, जो वर्षभर काकांच्या अंगावर घामट मोजे भिरकावतो, त्यांना मलम देऊन गेला!

मीही गेलो. बिस्किटांचा डबा घेऊन. काका वाकून बूट मोजत होते. ‘ये, ये. तुलाही बघायचाय का माझा गुडघा?’ म्हणाले. मी म्हटलं, सहज आलोय. ते टेलिफोनवर गेले आणि मी सहजच मान वळवली.

गोलकीपर: १, ३१, ४०. चाळीस म्हणजे युवा संघातला पोरगा, तो दरवर्षी असतो. एक म्हणजे जो कुणी नवा येईल तो. आणि एकतीस? एकतीस अकरा वर्षं माझ्या पाठीवर आहे!

बावीस नव्हता. लोणीचा बावीस कुठेच नव्हता. दोनदा पाहिलं.

डबा ठेवला आणि निघालो. काका परत आले तेव्हा काही विचारलंही नाही. विचारायचं काय, लिहिलेलं दिसत होतं की!

७ जून

सकाळी दाढी करताना शीळ घालत होतो. मुलगी म्हणाली, बाबा, बंद करा.

९ जून

त्या चिटणिसाला नाही म्हणून कळवलं. जरा जास्तच ऐटीत. ‘वरच्या विभागात अजून गरज आहे माझी.’ तो म्हणाला, ‘चांगलंय, शुभेच्छा.’ कुत्रं भुंकतच होतं.

बायकोला संध्याकाळी सांगितलं. ती वह्या तपासत होती. लाल पेन खाली ठेवलं. ‘कागद मिळाला तुला? सहीशिक्क्याचा?’ म्हटलं, नंबर पाहिला. ‘नंबर पाहिला म्हणजे?’ समजावून सांगितलं. ‘म्हणजे तू कपडे धुवायच्या खोलीतल्या चिठ्ठीवर नोकरी सोडलीस.’

सोडली नाही, नाकारली. पण हिच्याशी कोण वाद घालणार!

१४ जून

लोणीला पत्र आलं. यादीच्या आधी, कारण त्याच्या एजंटने तगादा लावला होता. ‘क्लब आपल्या सेवेबद्दल आभारी आहे.’ झालं. मिळाला नारळ.

दुपारी घरी आला. दारात चप्पल काढून तिथेच उभा. बायकोने आत ओढला, पाणी दिलं. भला दांडगा माणूस, सोफ्याच्या कडेवर बसला होता, जणू सोफाही परत मागतील. मला वाटलं होतं रडेल. रडला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, ‘मला तुमचंच वाईट वाटतंय, दादा.’

माझं? म्हटलं, माझं कशाला वाईट वाटतंय तुला, स्वतःचं बघ. तर मान खाली घालून पाण्याचा पेला फिरवत बसला. बावळटच आहे. यालाच धीर द्यायचा तर हाच माझं सांत्वन करतोय.

मी पाठीवर हात ठेवून सांगितलं, ‘या लोकांना माणसाची पारख नाही.’ हो, सांगितलं असं. बायको तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझ्याकडे तिने कसं पाहिलं ते लिहीत नाही.

१५ जून

बायको बोलत नाही. वाढते आणि जाते.

२० जून

यादी लागली. दारावर, दहा वाजता. मी आरामात अकराला गेलो. घाई करणाऱ्यांची मला कीव येते.

माझं नाव नव्हतं.

वरून खाली, खालून वर. मग दुसऱ्या पानावर होतं. ‘मुक्त केलेले खेळाडू.’ लोणीच्या बरोबर खाली.

किटच्या खोलीत गेलो. काकांना म्हटलं, एकतीस? ते म्हणाले, ‘तो नव्या गोलकीपरचा रे. आधीच्या क्लबात त्याचा एकतीसच होता, हट्टाने मागून घेतला. एक नंबर नकोच म्हणाला, तो अजून एक कुणी घेणार आहेत त्याच्यासाठी शिवायला टाकलाय.’ मग माझ्याकडे बघत राहिले. ‘तू तो कागद वाचून गेलास? अरे, मला विचारायचंस तरी!’

अकरा वर्षं! आणि मला वाटलं, तो आकडा म्हणजेच मी.

वर गेलो. टक्केवारीच्या केबिनमध्ये न विचारता शिरलो. खुर्ची दिली त्याने. आवाजही चढवला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, ‘मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. त्यानेच अट घातली होती.’

कुणी?

‘तुमच्या मित्राने. आम्ही त्याला दोन वर्षं देत होतो. तो म्हणाला, दादांनाही एक वर्ष द्या, नाहीतर मी सही करणार नाही. डिसेंबरानंतर त्याचे अडवलेले फटके अकरा टक्क्यांनी वाढले, ते तुमच्यामुळे, असं त्याचं म्हणणं. आकडे मी तपासले, खरे होते. मी जवळजवळ हो म्हटलंच होतं. मग तुम्हाला विचारलं.’

वही उलटून दाखवली त्याने. माझंच वाक्य. भिंत निदान परत तरी देते. अवतरणचिन्हांत.

‘तो नको, असं तुम्हीच म्हणालात. मग तुम्हाला ठेवायचं कारण राहिलं नाही. राग मानू नका.’

मी विचारलं, त्याला माहीत आहे का? मी काय बोललो ते?

‘आतली गोष्ट आत, असा शब्द दिला होता मी,’ म्हणाला टक्केवारी. या माणसाला मी महिनाभर शिव्या घातल्या, आणि शब्द पाळणारा निघाला तो.

लॉकर रिकामा केला. जाकीट, तीन जोड मोजे, एक साबण. जिन्यात मास्तर भेटले, त्यांनी घड्याळात पाहिलं.

२१ जून

बायकोला सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. नाही ओरडली. ‘त्याला सांग,’ एवढंच म्हणाली. उद्या सांगतो म्हटलं.

२२ जून

नाही सांगितलं.

२४ जून

त्या कुत्रेवाल्या चिटणिसाला फोन केला. लाज गुंडाळून ठेवून. म्हणाला, ‘अहो, परवाच ठरवला आम्ही एक. अठ्ठावीस वर्षांचा. वरच्या विभागातला. चांगला वाटतोय.’ नाव विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

अठ्ठावीस वर्षांचा, आता काय शिकणार, म्हणणारा मीच ना? थू आहे माझ्यावर.

२७ जून

सकाळी लोणीचा फोन. इतक्या मोठ्याने बोलत होता की बायकोला पलीकडे ऐकू गेलं. ‘दादा, इथे गोलकीपरांना कोचच नाही! काल सही करताना मी एकच अट घातली, तुम्ही हवेत. तुमचं सगळं सांगितलं त्यांना, वहीसुद्धा दाखवली. हो म्हणाले! सोमवारी सराव सुरू. याल ना?’

बायको समोर उभी होती. सांग, सांग, अशी मान हलवत होती.

मी विचारलं, ‘सोमवारी किती वाजता यायचं?’