सडन डिसिजनचा कॉन्फिडन्स

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. फक्त घोड्याच्या प्रगतीची नोंद. स्वतःबद्दल काही लिहायचं नाही, असा नियम.

घोडा: सडन डिसिजन. रेसकोर्सवरून रिटायर. पौडच्या पुढे इंद्रजितचं रायडिंग स्कूल आहे, तिथे वर्षभरासाठी माझ्या नावावर घेतला. तांबूस, उंच, देखणा. फारसा कोणात मिसळत नाही. घोडा.

ध्येय: त्याला उड्या मारायला शिकवणे. रेसच्या घोड्याला आयुष्यभर सपाट पळायची सवय. समोर काही आडवं आलं की गोंधळतो. त्याला कॉन्फिडन्स हवाय, तो मी देणार. मला रायडिंगचा बऱ्यापैकी अनुभव आहे (मध्ये पाठीमुळे गॅप).

डेडलाइन: २८ डिसेंबर. त्या रविवारी माझी मुलगी गौतमी बघायला येणार. विचारलं तेव्हा ती 'बघू' म्हणाली. चौदा वर्षांच्या मुलीचं 'बघू' म्हणजे हो.

जागा साळूबाईंची. भाताचं खाचर होतं, आता घोड्यांचं रिंगण. बाईंनी घोड्याचं नाव विचारलं, मी सांगितलं. म्हणाल्या, सडन? ह्ये कसलं नाव? एवढं चांगलं जनावर हाय, कुटं सडलंय त्ये?

५ नोव्हेंबर, बुधवार
वर्क फ्रॉम होम होतं, म्हणून घोड्याकडे गेलो. नुकताच बसलो होतो, तेवढ्यात साळूबाईंनी लोखंडी फाटक धाडकन लावलं. सडनला वाटलं, रेस सुटली. मी थांबवायला लगाम ओढला. तो जास्त पळाला. अजून ओढला. अजून पळाला. बांधापाशी जमीन संपली म्हणून थांबलो.

इंद्रजित म्हणाला, सर, रेसच्या घोड्याला ओढलं की पळायचं शिकवलेलं असतं. हात सैल सोडा, तो आपोआप थांबेल.

घोड्याचा मूलभूत गैरसमज आहे. दूर करावा लागेल.

९ नोव्हेंबर, रविवार
गौतमी आली नाही. प्रोजेक्ट.

संदर्भासाठी नोंद: गेल्या वर्षीपासून गौतमी आणि तिची आई हेमलता बावधनला, मी भुकूमला. मध्ये फक्त एक रस्ता आहे. रविवार माझा, असं ठरलंय. सुरुवातीला गौतमी यायची. मी तिला कयाकिंगला नेलं, मडकी करायला नेलं, पहाटे उठवून किल्ल्यावर नेलं. एक रविवार वाया घालवला नाही. तरी जूनपासून तिचं दर रविवारी काहीतरी निघतं.

घोड्याला मात्र कोणती मुलगी नाही म्हणेल? अर्थात घोडा मी फिटनेससाठी घेतलाय.

१५ नोव्हेंबर, शनिवार
जमिनीवर ठेवलेल्या बांबूंवरून उत्तम चाललो. मग इंद्रजितने दोन बांबूंची फुली केली, गुडघ्याच्याही खाली. सडन व्यवस्थित गेला आणि ऐन वेळी थांबला. मी पुढे गेलो.

इंद्रजित म्हणाला, तो तयार असतो सर, उडायच्या क्षणी तुम्ही त्याला मागे ओढता. मी म्हटलं, ओढत नाही, आधार देतो. फरक आहे.

घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते शोधायला हवं, असंही म्हटलं. साळूबाई गवत टाकत होत्या. म्हणाल्या, पेंड न्हाई वो, हरभरं खातंय. तेबी सांडून ठिवतंय.

१९ नोव्हेंबर, बुधवार
सापडलं! घोडा एकटा पडलाय.

लक्षणं स्पष्ट आहेत. पुढ्यातलं अन्न अर्धं टाकतो. भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. नीट झोपत नाही. कोणतीही गाडी वाजली की फाटकाकडे बघतो, आणि ती पुढे निघून गेली की मान खाली. रविवारी संध्याकाळी हे जास्त होतं. इतकं बारीक निरीक्षण इंद्रजितनेही केलेलं नाही. त्याला सगळं सांगितलं. त्याने आधी घोड्याकडे बघितलं, नंतर माझ्याकडे. मग म्हणाला, बघतो काय करता येईल, सर.

तोवर रोज ऑफिसनंतर जाऊन सडनशी बोलायचं ठरवलंय.

२२ नोव्हेंबर, शनिवार
बोलतो आहे. काल अप्रेझल समजावून सांगितलं. आज गौतमीच्या लहानपणीचं सांगितलं, ती माझ्या खांद्यावर बसून 'चल घोड्या' म्हणायची ते. सडनने शेपटीने माशी मारली.

२६ नोव्हेंबर, बुधवार
इंद्रजितने सडनच्या तबेल्यात साळूबाईंची शेळी बांधली. रेसकोर्सवर म्हणे असं करतात, सोबतीला शेळी असली की घोडा शांत होतो. मी हसलो. हा प्रश्न शेळीच्या कुवतीबाहेरचा आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
सडनने सगळे हरभरे संपवले. आडवा पडून झोपला. झोपेत घोरला.

शेळीने काय केलं? काही नाही. बसते, रवंथ करते. एक अक्षर बोलत नाही. मी आठवडाभर घसा कोरडा केला त्याचं काही नाही. वाईट वाटलं. म्हणजे घोड्याच्या निवडीबद्दल.

अठ्ठावीस डिसेंबरचं पक्कं करायला हेमलताला फोन केला. सहज शेळीचं सांगितलं. ती म्हणाली, आयुष्यभर उंटावरून शेळ्या हाकल्यास, आता घोड्यावरून हाक. आणि हसली. मीही हसलो, पण तोवर फोन कट झाला होता.

७ डिसेंबर, रविवार
इंद्रजित स्वतः सडनवर बसला. सडन ओळीने लावलेल्या तीन अडथळ्यांवरून कापसासारखा गेला. निष्कर्ष: इंद्रजितला घाबरून उडतो. माझ्याबरोबर तो आधी विचार करतो. हे नातं वेगळं आहे, त्याला वेळ लागणार.

गौतमीच्या मैत्रिणीचा वाढदिवस.

१४ डिसेंबर, रविवार
उडालो! फुलीवरून, पूर्ण. डोळे मिटले होते, पण पलीकडे उतरलो तेव्हा घोड्यावरच होतो, इंद्रजित साक्षीला आहे. सडनच्या मानेला मिठी मारली. फार बरं वाटलं.

गौतमीला मेसेज केला. उत्तर आलं: अंगठा. सरळ, वरचा. लगेच आला, हे महत्त्वाचं.

२४ डिसेंबर, बुधवार
त्यानंतर पुन्हा जमलेलं नाही. सडन मुद्दाम दमखम राखून ठेवतोय. घोडामैदान जवळच आहे.

२८ डिसेंबर, रविवार
डाव्या हाताने लिहितोय.

गौतमी आली. बावधनहून मीच आणली. चांदणी चौकापासून तिने कानात हेडफोन घातले होते, मी तरी तिला उडीमागचं शास्त्र समजावलं. तिथे ती साळूबाईंशेजारी बाजेवर बसली. इंद्रजित म्हणाला, सर, आज फुलीच करू. मी म्हटलं, आडवा बांबू लाव, वरच्या खाचेत. पोरगी आलीय.

दौड चांगली होती. अगदी जवळ गेल्यावर मी आधार दिला. सडन थांबला. मी बांबूवरून स्वच्छ पलीकडे गेलो. तांत्रिकदृष्ट्या उडी झाली.

मग कुंपणाबाहेर शेळी ओरडली. सडनने जागेवरूनच उडी घेतली, बांबूवरून, मला वळसा घालून पुढे कुंपणावरून, आणि शेळीपाशी जाऊन उभा राहिला. इतकी सुंदर उडी मी आजवर पाहिलेली नाही. त्या वेळी मी जमिनीवर होतो, त्यामुळे कोन चांगला मिळाला.

साळूबाई म्हणाल्या, घोडं गेलं पार, मानूस ऱ्हायलं हितंच.

गौतमी हसेल असं वाटलं. ती पांढरीफटक पडली होती. पौडला प्लास्टर घातलं, उजवं मनगट. परत येताना इंद्रजितने गाडी चालवली. गौतमी माझ्या शेजारी मागे. घोटावड्याच्या फाट्यापाशी म्हणाली, बाबा, मला घोडा बघायचाच नव्हता. दर वेळी तू काहीतरी करून दाखवतोस. मला नुसतं तुझ्या घरी यायचं असतं.

जशीच्या तशी नोंद केली आहे. अर्थ नंतर लावीन.

४ जानेवारी, रविवार
इंद्रजितचा फोन. सडनला काही लागलेलं नाही. स्कूलमधली सृष्टी नावाची मुलगी त्याला आता रोज उडवते. तो म्हणाला, सर, घोड्याचा कॉन्फिडन्स पूर्ण आला.

प्रोजेक्ट यशस्वी, असं म्हणायला हरकत नाही. मला हात बरा झाल्यावर म्हाताऱ्या घोडीवरून जमिनीवरच्या बांबूंपासून सुरुवात करायला सांगितलं. म्हटलं, ऑफिसात फार काम आहे.

११ जानेवारी, रविवार
गौतमी आली. अट तिचीच: घोडा नाही, बाहेर जाणं नाही, प्लॅन नाही. मी तरी बोर्ड गेम आणि दुर्बीण आणून ठेवली होती. कपाटातच राहिली.

आल्या आल्या सोफ्यावर आडवी झाली आणि झोपली. मी समोर खुर्चीत. प्लास्टरमुळे पेपरचं पान आवाज न करता उलटता येईना, म्हणून एकच पान वाचत बसलो. दुपारी उठून तिने वरणभात खाल्ला, तूप मागून घेतलं, परत लोळली. इतका चांगला रविवार कित्येक महिन्यांत गेला नव्हता आणि त्यात मी काहीही केलेलं नव्हतं. हे जरा लागलं.

संध्याकाळी खाली हेमलताच्या गाडीचा हॉर्न वाजला. बूट घालता घालता गौतमीने विचारलं, बाबा, तू कसा आहेस? मी म्हटलं, छान, घोडा आता बराच रुळलाय. ती म्हणाली, घोड्याचं नाही विचारत. परत हॉर्न. मी म्हटलं, आई थांबलीये, जा. ती थोडी थांबली, मग गेली.

मला एकटं वाटतं. फार एकटं वाटतं. एवढंच उत्तर होतं, आणि तिने ते सरळ विचारलं होतं.

गॅलरीत येईपर्यंत गाडी गेटाबाहेर वळली होती. तरी ते वाक्य एकदा मोठ्याने म्हणून बघितलं. शेजारच्या गॅलरीत किशोरराव कपडे वाळत घालत होते. त्यांनी विचारलं, काही म्हणालात का?

म्हटलं, नाही, घोड्याबद्दल बोलत होतो.