हद्दीचा दगड कोरडा राहिला

ती. स्व. मामांस,

भाच्याचा नमस्कार, तोही खाली मान घालून. वर बघायची सोय मी स्वतःच घालवली आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे मी सोडून. (माझी पाठ धरली आहे. कारण पुढे येईलच.)

तुम्हाला ठाऊक आहे, शाळेचं नदीकाठचं शेत खंडाने दिलेलं असतं आणि त्या खंडातून बालवर्गाच्या बाईंचा पगार निघतो. शेतावर देखरेख शाळेचा कारकून म्हणून माझी. दर पुरात नदी काठाचा लचका तोडते आणि हद्दीचा दगड अगदी कडेला येतो. आता सरकारी दगड, माझ्या ताब्यातला, पाण्यात गेला तर जाब कोणाला विचारणार? म्हणून दरवर्षी मी तो उपटून थोडा मागे रोवत आलो. (नुसता रोवला नाही, चुनाही लावला. नीटनेटकेपणाची हौस, दुसरं काय.) असं करत करत शेताची एक पट्टी उरली आणि कसणाऱ्याने यंदा हात जोडून शेत सोडलं.

मुख्याध्यापिकाबाईंनी अर्ज केला, की नदीने शाळेची जमीन नेली, बदली जमीन द्या. मोजणीदार आला. नकाशा कचेरीतल्या वाळवीने आधीच संपवलेला, तेव्हा हद्द सांगणारा तो दगडच. मी मोठ्या ऐटीत दाखवला. तो म्हणाला, "हद्द दगडापर्यंत. दगड तर कोरडा आहे. मग नदीने तुमचं नेलं काय?"

मामा, दगड बुडाला असता तर तोच आमचा साक्षीदार झाला असता. मुख्याध्यापिकाबाई नुसत्या त्या चुन्याकडे बघत राहिल्या. बालवर्गाच्या बाईंनी तर, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत, असं म्हणून मला चहा दिला. महिनाअखेर त्यांची नोकरी जाणार, आणि ती घालवली मी. फार लाज वाटते. हल्ली शाळेच्या दारातून जात नाही, मागच्या कुंपणाच्या फटीतून शिरतो आणि (पोट सुटल्यामुळे) अडकतो. बालवर्गातली मुलं ओढून काढतात.

असो. तुम्ही पाठवलेली कलिंगडं पोचली. फार गोड निघाली.

तुमचा,
तोंड लपवून फिरणारा भाचा

ता. क. कलिंगड खाताना ध्यानात आलं, ते तुमच्या काठाला नव्याने आलेल्या गाळात पिकलेलं. इकडून गेलेली माती पलीकडे तुमच्या बांधाला लागून वर आली. कायद्याने ती तुमची, माझी तक्रार नाही. पण तेवढ्या तुकड्याचा खंड शाळेला दिलात तर बालवर्ग चालेल. हे तोंडाने मागायचा धीर होईना, म्हणून एवढं पाल्हाळ.

आणखी एक ता. क. तुमच्या होकाराची वाट न बघता काल दगड होडीत घालून पलीकडे नेला आणि तुमच्या कलिंगडांच्या वेलांच्या कडेला रोवला. (चुना लावलेला नाही.) नाही म्हणायचं असेल तर तुम्हाला तो उपटावा लागेल. गुडघा सांभाळा, मामा. एकट्याला तो झेपत नाही, माझ्या पाठीला विचारा.