दाराखालची फट

३ डिसेंबर
बाथरूममध्ये पंखा बसवायचं ठरलंय! भिंतीला भोक पाडून, हवा बाहेर फेकणारा. मी सुनेला विचारलं, "कुणाला विचारून?" तर म्हणे, "अहो बाबा, आत गॅसचा गीझर आहे. कोंडतं." इतकी वर्षं नाही कोंडलं! हिला एकाएकी माझा पुळका कसा? कुठेतरी पाणी मुरतंय.

४ डिसेंबर
वायरमन येऊन गेला. पंख्याचं बटण बाहेर, पॅसेजमध्ये! ओल्या हाताने दाबलं जाऊ नये म्हणून म्हणे. मी आत आणि बटण तिच्या हातात — छान! एक हिरवी वायर जास्तीची ओढली. "अर्थिंग आहे, आजोबा. शॉक लागायला नको." माझ्याशी बोलताना तिच्याकडे कशाला बघायचं?

५ डिसेंबर
आज हद्द झाली. सुताराकडून बाथरूमचं दार खालून कापून घेतलं. चांगली दोन बोटं फट! "पंखा हवा बाहेर ओढतो बाबा, तेवढी आत यायला नको? नाहीतर गीझरचा धूर उलटा खोलीतच येतो." पाठ करून आल्यासारखी बोलली. मुलगा नंदीबैल — मान डोलावून मोकळा.

मी काय दूधखुळा आहे? आत मी किती वेळ लावतो, धडपडतो का, यावर नजर ठेवायची. मग नवऱ्याचे कान भरायचे आणि माझी रवानगी वृद्धाश्रमात! परवाच फोनवर कुणाला तरी सांगत होती, "त्यांना एकटं सोडायची भीती वाटते." या कानांनी ऐकलंय. या वयात घर सोडून जायची मला फार भीती वाटते.

६ डिसेंबर
आंघोळ करताना पाय गारठले. मुद्दाम!

७ डिसेंबर
ती बाजारात गेलीय. जन्मभर शिंपीकाम केलं ते कामी आलं — चिंध्या भरून जाड सुरळी शिवली आणि दाराला आतून बारीक खिळे मारून ठोकली. फट गायब! आता बस म्हणावं डोकावत. पंखाही लावतो, बोलायला जागा नको. ती यायच्या आत आंघोळ उरकून घेतो.

१० डिसेंबर
दवाखान्यातून घरी आणलं. गीझरच्या धुराने मी आत बेशुद्ध पडलो होतो; सुनेने दार फोडून मला बाहेर ओढलं. तिचा खांदा निखळलाय. मुलगा सुरळी हातात घेऊन कडाडला, "ही कुणी ठोकली?" ती म्हणाली, "मी. बाबांना गार लागत होतं." त्याने तिला नाही नाही ते सुनावलं. मी डोळे मिटून, झोपल्यासारखा पडून राहिलो.