दारावरचं 'माजी'

मंगळवार, संध्याकाळ. वैराग.

डोकं फिरलंय. दुपारी इन्सुलिन आणायला मेडिकलात गेलो, तेवढ्यात आबांनी, माझ्याच बापानं, दारावर माझ्या नावाखालचं 'सैनिक' खोडून 'माजी सैनिक' लिहून घेतलं. शेजारच्या ट्रॅक्टरवर नंबर टाकायला पेंटर आला होता म्हणे.

"आयताच गावला की," आबा म्हणाले.

मेडिकल बोर्ड पुढच्या सोमवारी. शुगर बघून मला फौजेत ठेवायचं की घरी पाठवायचं, हे तिथल्या डॉक्टरांनाही अजून ठाऊक नाही. बापाला ठाऊक? अकरा वर्षं काय या 'माजी'साठी काढली?

रंग ओलाच होता. थिनरचं फडकं घेऊन 'माजी' पुसायला गेलो, तर 'सैनिक'ही पुसलं गेलं.

आबा शांतपणे म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पेंटर अजून हितंच हाय."