गजराजाचे घोरणे आणि महाराणींची झोप

मंगळवार, ९ सप्टेंबर

अखिलगृहमंडलाधीश्वरी, दुग्धपानधुरंधरा, दंतद्वयालंकृता, मातृकेशाकर्षिणी, उपनेत्रभंजिनी, निद्राविध्वंसिनी श्रीमती महाराणीसाहेब यांनी, वयाच्या आठव्या महिन्यात, कोणतीही पूर्वसूचना न देता, रात्रौ जागरणाचा कार्यक्रम पुनश्च हाती घेतला आहे — हे समस्त प्रजाजनांस विदित व्हावे.

प्रजाजन दोनच. मी आणि तिची आई.

गेले तीन महिने ही कन्या दिवा मालवावा तशी झोपत असे. या रविवारपासून बिनसले. आणि दैवदुर्विलास असा, की त्याच रविवारी मी तिच्या निद्रेची कायमस्वरूपी व्यवस्था केली होती! आमचा जुना फ्रिज — टोपणनाव 'गजराज' — शयनगृहाच्या भिंतीपलीकडे वर्षानुवर्षे घोरत होता. त्याला भंगारवाल्याच्या स्वाधीन करून एक मितभाषी, तपस्वी वृत्तीचा नवा फ्रिज आणला. तो चालू आहे की समाधिस्थ, हे कळण्यासाठी दार उघडून पाहावे लागते. लेकीसाठी बाप काय करत नाही!

बुधवार, १० सप्टेंबर

पुन्हा. आणि पुन्हा. आणि डोळा लागतो न लागतो तोच — पुन्हा!

मुद्रणालयात मुद्रिते तपासता तपासता मान टेबलावर. मालक म्हणाले, "पंडित, चूक सापडली की तिच्यावरच डोकं ठेवायचं, ही नवी पद्धत का?"

शुक्रवार, १२ सप्टेंबर

सासूबाई येऊन गेल्या. निदान : दात. उपचार : शांतता. "जावईबापू, घरात जरा आवाज कमी करा हो. तुमचं ते मोठमोठ्यानं वाचणं आधी बंद."

आज्ञा शिरसावंद्य. बिजागऱ्यांना तेल घातले. दारावरच्या घंटेची तार काढली. टिकटिक करणारे घड्याळ माळ्यावर गेले. चपलांना गृहप्रवेश निषिद्ध. मी आणि ही केवळ भुवयांनी बोलतो. आता गृहात अशी नीरव शांतता नांदते, की तीत महाराणींचा टाहो अधिकच खुलून दिसतो.

शनिवार, १३ सप्टेंबर

आज विनोद सुचत नाही, तरी लिहितो.

ही शहरातली बस चालवते. सोमवार, बावीस तारखेला रजा संपते. पहाटेची पाळी. तिचा गणवेश आठवडाभर इस्त्री करून खुंटीवर टांगलेला आहे. येता-जाता ती त्याची कॉलर सरळ करते. रस्त्यावर एखादी बस चुकीच्या गिअरमध्ये चढ चढली तरी हिच्या चेहऱ्यावर वेदना उमटते.

आज दुपटी घडी करता करता म्हणाली, "अहो, सत्तर माणसं माझ्या भरवशावर डुलक्या घेतात. माझे डोळे उघडे नकोत? ही अशीच उठत राहिली तर मी गाडीवर बसणार नाही."

"मग रजा वाढव."

"मिळणार नाही. नोकरी सोडावीच लागेल."

तिने एकच दुपटे तीनदा घडी केले.

रागवावे तरी कोणावर? सतरा वर्षे या घरात रात्री कोणी रडले नव्हते. शेजारचे मूल रडू लागले की आम्ही दोघे एकमेकांकडे पाहायचे टाळून छताकडे पाहत असू. ती अखंड, निर्विघ्न झोप आम्हांला पुरेपूर ठाऊक आहे. ती परत नको. देवा, हा टाहो दिलास, फार उपकार झाले. फक्त — थोडा दिवसा दे.

बुधवार, १७ सप्टेंबर

अद्भुत!

हिला सरावासाठी आगारात बोलावले होते. महाराणी अर्थात बरोबर, आणि अर्थात रडत. मी बसच्या पहिल्या बाकावर त्यांना मांडीवर घेऊन बसलो. हिने इंजिन सुरू केले. खालची फळी थरथरली, खिडक्यांच्या काचा वाजू लागल्या — आणि महाराणींची मान माझ्या कोपरावर कलली. गाढ!

इंजिन बंद. डोळे टक्क उघडे, खालचा ओठ पुढे.

इंजिन चालू. झोप.

आगारातले मेस्त्री हसू लागले. "ताई, पोरगी आपल्याच खात्यातली!"

"असणारच," ही म्हणाली. "सात महिने माझ्या पोटात बसून हिनं हेच ऐकलंय." मग स्टीअरिंगवर हात ठेवून सावकाश माझ्याकडे वळली.

"अहो. गजराज कधी गेला?"

"सात तारखेला. रविवारी."

"आणि ही कधीपासून उठायला लागली?"

तोच रविवार — म्हणजे गजराजांची घरघर हीच महाराणींची अंगाई! त्यानंतर तिने मला जे संबोधन बहाल केले ते संस्कृतोद्भव नव्हते. बिजागऱ्यांच्या तेलाचाही त्यात सविस्तर उल्लेख होता.

गुरुवार, १८ सप्टेंबर

भंगारवाल्याकडे धावलो. गजराज मागच्या अंगणात, वजनकाट्याशेजारी, उघड्या छातीने उभे!

"दार कालच गेलं, साहेब. एकानं पाण्याच्या टाकीवर झाकायला नेलं. मोटार आहे. पण बिनदाराचा फ्रिज घेऊन करणार काय?"

"घोरायला हवा आहे."

त्याने मला आपादमस्तक न्याहाळले. "साहेब, बरं वाटतंय ना? पाणी आणू?"

शुक्रवार, १९ सप्टेंबर

पुनःस्थापना संपन्न. स्वयंपाकघरातील आसन तपस्व्याने बळकावल्यामुळे गजराजांना थेट शयनगृहात मानाचे स्थान दिले. हमाल निघून गेले. बटण दाबले. काही नाही. हिने खुंटीवरच्या गणवेशाकडे पाहिले आणि नजर काढून घेतली. मी गजराजांच्या पाठीवर एक थाप मारली — आदराने! ते हादरले, खाकरले आणि घोरू लागले.

महाराणी कान देऊन ऐकत आहेत. पुढचे उद्या.

शनिवार, २० सप्टेंबर

लिहीत नाही. झोपतो आहे.

सोमवार, २२ सप्टेंबर

पहाटे हिने गणवेश चढवला, लेकीच्या कपाळाला ओठ लावले आणि गेली. थोड्या वेळाने कोपऱ्यावर एक बस वळली. दोनदा, अगदी हळू, भोंगा वाजला. महाराणी जाग्या झाल्या नाहीत. मी खिडकीत उभा होतो. पुरेशी झोप झालेली असूनही डोळे चुरचुरले, याची नोंद असावी.

मात्र गजराज कपाटाला टेकून उभे आहेत. कपाटाचे दार जेमतेम चार बोटे उघडते. माझ्या यच्चयावत विजारी आत, अंगावर केवळ पंचा. हात जातो, विजार येत नाही. रेटून पाहिले, गजराज हलत नाहीत, आणि घोरणे थांबवण्याची माझी छाती नाही. जिन्यावर, नातीला सांभाळायला येणाऱ्या सासूबाईंची चप्पल वाजते आहे.