एस्टिलच्या पिस्तुलाच्या पोटात काय निघालं

चि. होबर्ट यास,

थोरल्या बहिणीचा, म्हणजे डेल्फाचा, आशीर्वाद, पण या खेपेला जरा हात राखून. का ते पुढे कळेलच. ओहायोतले तुझे गुडघे, तुझं डोकं आणि तुझी बायको, तिन्ही जागच्या जागी असतील अशी आशा आहे. इकडे केंटकीत आम्ही धडधाकट. फक्त एस्टिलची कवळी तडकली. (सांगते मी आणि लिहिते माझी सून वर्ना. शब्द न शब्द लिही म्हणून तिला बजावलंय. मध्येच फिदीफिदी हसते, ते मात्र लिहीत नाही.)

तर कोर्टासमोरच्या अदलाबदलीच्या बाजारात माझ्या नवऱ्यानं, एस्टिलनं, ब्यूगल कुत्रा देऊन एक जुनं पिस्तूल आणलं. ब्यूगल तुला ठाऊक आहे. नाव ब्यूगल आणि जन्मात भुंकलेला नाही. शिकारीत रॅकून झाडावर चढलं की भुंकून सांगायचं सोडून हा खाली बसून त्याच्याकडे पाहुणा आल्यासारखा बघत राहतो. पण बाजाराचा रिवाज तुला काय सांगायचा? विचारलं तर खरं सांगायचं, नाही विचारलं तर तोंड मिटून बसायचं. त्या माणसानं कुत्र्याचे दात पाहिले, आईबाप विचारले, गळ्याचं काही विचारलं नाही. एस्टिलनंही पिस्तुलाची नळी उजेडाकडे धरून पाहिली, पोटात काय आहे ते विचारलं नाही. दोघंही समोरच्याला गंडवल्याच्या आनंदात घरी गेले.

घरी येऊन त्यानं ते माझ्या जेवणाच्या टेबलावर उघडायला घेतलं. (गोळ्या काढल्या होत्या. तेवढी अक्कल त्याला आहे.) मी म्हटलं, अंगणात जा. तो म्हणाला, "तू तुझा घेवडा ढवळ." नळीच्या तोंडाशी एक कडं असतं, ते त्यानं फिरवलं मात्र, आणि स्प्रिंगचं टोपण बेडकासारखं उडालं, दिव्यावर आपटलं आणि गडप झालं. चुलीखाली झाडू घातला, कपाट हलवलं, वर्ना पोटावर सरपटली. टोपण सापडलं ते जेवताना, घेवड्यात, एस्टिलच्या कवळीला. म्हणून तडकली.

आता आत एकच स्प्रिंग हवी. पिस्तूल झाडल्यावर त्याचा वरचा भाग मागे जातो, त्याला पुढे ढकलायला. इथे दोन निघाल्या, एकीत एक घातलेल्या, उलट्यासुलट्या पिळाच्या. शिवाय चामड्याची एक चकती, आणि सगळ्यांच्या मधून गेलेली बारीक पोलादी दांडी. बंदुका दुरुस्त करणाऱ्या गावातल्या क्लीटसकडे ते नेलं, तो टोपी मागे सारून म्हणाला, "असलं कुठल्या कारखान्यानं केलेलं नाही. हे कुणाच्या तरी स्वयंपाकघरात झालंय."

"म्हणजे मला फसवलं!" एस्टिल ओरडला.

"आणि तू ब्यूगलला गवई म्हणूनच दिलास ना?" मी म्हटलं.

हसू तेवढ्यापुरतंच, होबर्ट. घरी येऊन ती दांडी पुसायला घेतली आणि माझा अंगठा थबकला. मला अक्षर वाचता येत नाही, पण माझ्या अंगठ्याला ती चपटी जागा वाचता आली. बाबांनी आईच्या बोटासाठी कानशीनं घासून दिलेली, कडेला तिरकी खाच. टोकाला दोरा ओढायचा इवलासा आकडा. आईची क्रोशाची सुई! वर्नानं पाणी आणलं, ते माझ्या मांडीवरच सांडलं. मग पिस्तूल उलटून पाहिलं, तर मुठीच्या लाकडावर चुलीच्या चटक्याचा तो ओळखीचा डाग. बाबांचंच ते. तू कारखान्यात लागलास तेव्हा त्यांनी तुला दिलेलं. तू ते पुढे कुणाला दिलंस, कुणी विचारलं नाही.

ती सुई माझ्या लग्नाच्या उन्हाळ्यात हरवली. माझा टेबलक्लॉथ विणत होती, एक कोपरा राहिला. आईनं मलाच धरलं, "डेल्फा, आकड्यानं बेडूक पकडायला नेलीस ना?" मी रडून रडून नाही म्हटलं. तू समोर बसून मक्याच्या पावाला लोणी लावत होतास. तुला कुणी विचारलंच नाही. आई मरेपर्यंत माझ्याकडे जेवायला आली की तो अर्धा कोपरा मला टोचावा म्हणून माझ्या खुर्चीकडे करून अंथरायची.

आता मी विचारते. सुई तू घेतलीस का? रिवाज तुला माहीत आहे.

खालची फुली माझी. वाकडी आली, तरी सही म्हणून चालवून घे.

तुझी,
डेल्फा

ता.क. काल ब्यूगल स्वतःच्या पायांनी परत आला. भुंकला नाही, त्यामुळे एस्टिल त्याच्या अंगावर पाय देईपर्यंत कळलं नाही. म्हणजे पिस्तूल परत करणं आलं. थडगी सजवायच्या रविवारनंतर तो माणूस न्यायला येतो आहे, आणि सुई मी त्यात परत घालणार नाही. तू जन्मभर कारखान्यात लोखंड कातलंस, तेवढ्याच जाडीची एक दांडी कातून दे. लांबीचा दोरा सोबत ठेवलाय. सुई का काढली असं त्यानं विचारलं, तर सांगेन. नाही विचारलं तर नाही.

आणखी ता.क. दांडी पोस्टानं पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. त्या रविवारी सगळं कुळ फुलं घेऊन आईच्या थडग्याशी जमेल. तिथे मी वरचा प्रश्न तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं परत विचारीन. कोपरा विणायला घेतलाय. शेवटचा टाका तुझ्या उत्तरानंतर. मग आमच्याकडेच जेव. टेबलक्लॉथ तोच असेल, कोपरा तुझ्या खुर्चीकडे. घेवडा करते आहे, जपून चाव.