अंगणातल्या पाच पाट्या

लुंडे रिज, मिनेसोटा
२३ मार्च

चि. व्हर्लिन यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आईला जाऊन अडीच महिने झाले, आणि ती अजून दफनभूमीतल्या त्या दगडी खोलीत गोठलेली जमीन वितळायची वाट बघत पडली आहे. काल पाद्रीणबाईंचा फोन आला. एप्रिलअखेर जमिनीत फावडं जाईल, तर १० मे, शनिवार, सकाळी अकरा, ही वेळ मला चालेल का, असं विचारत होत्या. तुला चालते म्हणे. म्हणजे तुला आधी विचारलं. शनिवारी अकराला मी कोर्टाच्या पायऱ्यांवर फलक घेऊन उभी असते, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तू समोरच्याच फुटपाथवर तुझ्या झेंडेवाल्यांत उभा असतोस. तेव्हा ही वेळ नेमकी कुणाच्या डोक्यातून निघाली, तेवढं कळव.

फोनवर बोलायचं नाही, लिहायचं, हे आपण ठरवलं ते बरं केलं. पत्राला आवाज चढवता येत नाही. पाकीट दोन्हीकडून चिकटपट्टी लावून बंद केलंय. पट्टी उचकटलेली दिसली तर तेही कळव. आणि गुरुवारी तुझी गाडी माझ्या घरावरून तीनदा सावकाश गेली, ती कशाला?

ऑक्टोबरात माझ्या अंगणातल्या प्रचाराच्या दोन पाट्या रातोरात गेल्या, त्याचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस. शेरीफच्या ऑफिसात तक्रार देताना मी तुझं नाव घातलं, हे मी लपवत नाही. आणखी कुणाचं घालणार? या रस्त्यावर घरं तीन. मधे आई, पूर्वेला मी, पश्चिमेला तू. माझा उमेदवार बघून पोटात दुखणारा त्यातला एकच. मग नोव्हेंबरात फलक हातात घेतलेला माझा फोटो शाळेत पोचला. एकोणीस वर्षं मी दहा नंबरची बस चालवली, एका पोराला कधी खरचटलं नाही. मुलांच्या बसवर राजकारण नको, असं सांगून त्यांनी माझ्याकडून किल्ली काढून घेतली. फोटो कुणी काढला ते मी विचारत नाही. पण तो तुझ्या फुटपाथवरून काढलेला आहे, एवढं मला दिसतं.

आईच्या प्रार्थनेनंतर चर्चमध्ये जेवण झालं, तेव्हापासून तुझं काचेचं भांडं माझ्याकडे आहे. तळाला आईच्या हातची कागदी पट्टी आणि त्यावर तुझं नाव. घेऊन जा. नाहीतर उद्या म्हणशील, तेही चोरलं.

लोभ होता, त्याचं पुढे काय करायचं ते तू ठरव.

तुझी ताई,
मार्लिस

---

लुंडे रिज
३० मार्च

मार्लिस हिस,
स. न.

चिकटपट्टी शाबूत होती. तुझी पत्रं चोरून वाचण्याएवढा रिकामा वेळ या तालुक्यात कुणाला असेल असं वाटत नाही.

शनिवार पाद्रीणबाईंनी ठरवला. खड्डा खणणाऱ्या माणसाला बाकीचे दिवस दुसरी नोकरी असते. मी नुसतं हो म्हणालो. गाडी तीनदा गेली, कारण आईच्या घरातले पाण्याचे पाइप फुटले नाहीत ना ते बघायला मी गेलो होतो, आणि पाना विसरून परत आलो होतो. तू खिडकीशी बसून मोजत होतीस हे मात्र आता कळलं.

तू तुझ्या दोन पाट्यांचं रडगाणं गातेस. माझ्या तीन गेल्या, त्याच रात्री. मी तक्रार दिली नाही, कारण चोर कोण ते मला माहीत होतं आणि सख्ख्या बहिणीच्या अंगावर शेरीफ घालू नये अशी माझी समजूत होती. तू घातलास. डेप्युटी स्टेनरुड माझ्या स्वयंपाकघरात बसून विचारत होता की त्या दिवशी तुमच्या अंगणात कोण कोण आलं होतं. आईशिवाय कुणी नाही, असं मी सांगितलं. लायसन्स काढून घेतल्यापासून ती गवत कापायच्या गाडीवर बसून, मागे छोटी ट्रॉली जोडून, रस्त्याच्या कडेने आपल्या दोघांकडे यायची. त्या दिवशीही तिन्हीसांजेला ट्रॉलीत पेंढा भरून आली, कॉफी प्याली, गेली. त्यानेही तेवढंच लिहून घेतलं.

तक्रार उभी आहे तोवर मला गावच्या स्वयंसेवी अग्निशमन पथकात जाता येत नाही. सव्वीस वर्षांचं हेल्मेट आणि आगीची वर्दी देणारा पेजर मी टेबलावर ठेवून आलो. जानेवारीत हॉगनच्या गोठ्याला आग लागली तेव्हा मी अंगणात उभा राहून धूर बघत होतो. तेवीस गायी गेल्या. मी असतो तर वाचल्या असत्या असं नाही म्हणत. पण मी उभा होतो.

आता १० मेचं. तुझ्या शनिवारच्या बाया छातीवर बिल्ले लावून आईच्या खड्ड्याभोवती उभ्या राहणार असतील, तर मी येणार नाही. आणि त्या आल्या नाहीत तरी तुझ्याशेजारी उभं राहून आईवर माती टाकायला हात उचलेल की नाही, याची मला खात्री नाही. वेगळी वेळ मागून घेतो. भांडं राहू दे.

व्हर्लिन

---

६ एप्रिल

चि. व्हर्लिन यास,
आशीर्वाद.

साठ वर्षांत पहिल्यांदा तू मला नुसतं मार्लिस लिहिलंस. तो कागद मी टेबलावर उलटा घालून ठेवला आणि दोन दिवस त्याच्याकडे बघितलं नाही.

हॉगनच्या गायींचं मला माहीत नव्हतं. पेजरचंही. आमच्याकडच्या बायकांनी सांगितलं होतं की तू स्वतःहून सोडलंस. आता आमच्याकडच्यांचं विचारशील तर ऐक. काल एकीने मला बाजूला घेऊन विचारलं की तुझा भाऊ समोर उभा असतो, तर आपण काय ठरवतो ते त्याला कोण सांगतं? दोन वर्षं मी या बायकांना थर्मासमधून कॉफी पाजतेय. एका बाजूला तू मला चोर म्हणतोस, दुसऱ्या बाजूला या मला फितूर म्हणतात, आणि ज्या उमेदवारांसाठी हे सगळं, त्यांतल्या एकालाही आपला रस्ता नकाशात दाखवता येणार नाही. मला वीट आलाय. तरी पुढच्या शनिवारी जाणार आहे, कारण फलकावर जे लिहिलंय ते मला अजून खरं वाटतं. तूही तुझ्याबद्दल हेच म्हणशील.

बायका येणार नाहीत, हे मी तुला लिहून देते. पण आईला दोन वेळा पुरणार आहोत का आपण? सकाळी माझी आई आणि दुपारी तुझी? ती थंडीत पडून आहे ती आपण दोघं एकत्र येऊ म्हणूनच, असं मला रोज वाटतं. हे भांडण आईच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट आपण दोघांनी पाळली. तिच्यासमोर एका टेबलावर बसून गोड बोललो. त्यात तरी मी तुझ्यावर विसंबले.

एक काम आहे. बर्फ गेला, आईने स्ट्रॉबेरीवर थंडीसाठी घातलेला पेंढा काढायला हवा, नाहीतर रोपं खाली पिवळी पडतील. मी गेले तर म्हणशील, घराची कागदपत्रं शोधायला गेली. तेव्हा तूच जा.

भांडं घासून ठेवलंय.

तुझी ताई

---

२७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तू बसून वाच.

आज चर्चनंतर आईच्या बागेत गेलो. उत्तरेचा वाफा वाऱ्याच्या तोंडावर आहे, तिथला पेंढा उडू नये म्हणून ती दरवर्षी फळ्या दाबायची. त्या कुजल्या होत्या. त्यांच्या जागी पेंढ्यावर काहीतरी पांढरं, सपाट पडलेलं दिसलं. उचललं. पाटी होती. पालथी घातलेली, तारेचे पाय दुमडून मातीत रोवलेले. तुझी. तिच्याशेजारी माझी. एकूण पाच, तुझ्या दोन, माझ्या तीन, ओळीने. खाली रोपं हिरवीगार आहेत.

प्रत्येक पाटीच्या पाठीवर कागदी पट्टी आहे, ताई. भांड्यांच्या तळाला ती लावायची तशीच. दोनवर मार्लिस, तीनवर व्हर्लिन. निवडणूक झाली की यांना पाट्या कशाला लागतायत, वसंतात ज्याच्या त्याला पोचवू, असं तिच्या मनात असणार. गवत कापायच्या गाडीवर एक्याण्णव वर्षांची बाई, ट्रॉलीत वरून पेंढा आणि खाली आपल्या पाट्या. आणि मी डेप्युटीला सांगतो, आईशिवाय कुणी आलं नाही.

एका शब्दाने तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. आपण विचारलं नाही, कारण तिला त्रास द्यायचा नव्हता. मी वाफ्यात बसलो तो बराच वेळ उठलो नाही.

आता दुसरं. हे लिहिल्याशिवाय पाकीट बंद करता येत नाही. तो फोटो मी काढला. शाळेला मीच पाठवला, स्टेनरुड घरी येऊन गेला त्याच संध्याकाळी. तू माझ्या पाट्या चोरल्यास आणि वर माझ्यावरच शेरीफ घातलास, असं डोक्यात होतं. बटण दाबताना मला बरं वाटलं होतं, हेही सांगतो. तुझी बस गेली असं कळलं तेव्हा नाही वाटलं, पण तोंड उघडलं नाही.

पाट्या आईने नेल्या. बाकीचं आपण केलं.

१० तारखेला मी यायचं की नाही, ते तू सांग. जे सांगशील ते.

तुझा,
व्हर्लिन

---

३० एप्रिल

चि. व्हर्लिन यास,

आशीर्वाद दोनदा लिहिले आणि दोनदा खोडले. कागदावर दिसतीलच.

मी शेरीफच्या ऑफिसात जाऊन आले. तक्रार मागे घेते म्हटलं. स्टेनरुडने विचारलं की माल सापडला का. सापडला म्हटलं. मग नेणाऱ्याचं नाव लिहावं लागेल म्हणाला. तेव्हा मी काउंटरपाशी उभी राहून सांगितलं की बोर्गहिल्ड टॉलफसन, वय एक्याण्णव, राहणार आपल्याच रस्त्यावर, आता दगडी खोलीत. त्याने पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, लिही बाबा, नाहीतर माझ्या भावाचं हेल्मेट परत मिळणार नाही. मग त्याने लिहिलं. सोमवारी पेजर घेऊन जा.

फोटोचं तुझं वाक्य मी चारदा वाचलं. माझा संशय खरा निघाला, पण त्याचा आनंद काही झाला नाही. दहा नंबरची बस आता एक तरुण मुलगी चालवते, बरी चालवते. ती मला परत मिळणार नाही, आणि मी तुला माफ केलं असं एवढ्यात लिहिणार नाही. लिहिलं तर ते खोटं असेल, आणि खोटं पुरे झालं. हॉगनच्या गायींबद्दल मलाही तुझ्याकडे माफी मागता येत नाही.

पण आईने पट्ट्या लावल्या त्या परत द्यायच्या म्हणून. ते काम तिचं राहिलंय. माझ्या दोन पाट्या तू आणून दे, मी तुझं भांडं देते. तेवढं तरी आपल्याकडून होऊ दे.

१० तारखेला साडेदहाला मला घ्यायला ये. गाडीचा झेंडा काढून ये, मी बिल्ला घरी ठेवते. फावडं एकच आण. आधी मी टाकेन, मग तुझ्या हातात देईन.

तुझी ताई